प्लगइनांनंतरचे प्लेक्स

घरातल्या हार्ड डिस्कवर साठलेले चित्रपट, गाणी, नाटकांची चित्रीकरणे आणि कुटुंबाच्या चित्रफिती नीट लावून घरातल्या कोणत्याही पडद्यावर दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला मीडिया सर्व्हर म्हणतात, आणि या प्रकारातले सर्वांत ओळखीचे नाव प्लेक्स हे आहे. मी ते दहा वर्षांहून अधिक काळ वापरत आलो आहे. त्याची प्रत्येक सोय तपासण्याचा या परीक्षणाचा उद्देश नाही. बाहेरच्या लोकांनी लिहिलेल्या प्लगइनांचा, म्हणजे सॉफ्टवेअरला जोडून त्यात नवी सोय भरणाऱ्या छोट्या कार्यक्रमांचा, आधार काढून घेतल्यानंतर हे सॉफ्टवेअर कोणाच्या उपयोगाचे उरले आहे, आणि ज्याच्याकडे मराठी संग्रह आहे त्याने त्यावर किती विसंबावे, एवढ्याच प्रश्नाचा विचार येथे केला आहे.

प्लेक्सचे मूळ समजून घेतले तर प्लगइनांचा प्रश्न एवढा जिव्हाळ्याचा का झाला हे लक्षात येते. एक्सबॉक्स या खेळयंत्रासाठी हौशी प्रोग्रामरांनी एक्सबीएमसी नावाचे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर तयार केले होते, तेच आज कोडी या नावाने ओळखले जाते. एलन फाइनगोल्ड यांनी ते मॅकवर आणण्याचे काम हाती घेतले, आणि २००८ मध्ये त्यातूनच वेगळी शाखा फुटून तिला प्लेक्स हे नाव मिळाले. कंपनी त्यानंतर, २००९ मध्ये स्थापन झाली. म्हणजे इतरांनी आपापल्या गरजेपुरते पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेत कोडचे चार तुकडे लिहावेत आणि ते सर्वांना वाटावेत, ही रीत प्लेक्सला वारशानेच मिळालेली होती.

प्लगइन हा एकच शब्द तेथे तीन वेगळ्या कामांसाठी वापरला जाई, आणि या तिन्हींची गल्लत केल्याने पुढच्या वादात बराच गोंधळ झाला. पहिला प्रकार वाहिन्यांचा. एखाद्या संकेतस्थळावरचे व्हिडिओ शोधून ते टीव्हीवर दाखवणे हे वाहिनीचे काम. दुसरा प्रकार एजंटांचा. फाइलीचे नाव पाहून तो चित्रपट कोणता, त्यात कोण आहेत, कथा काय आणि भित्तिपत्रक कोणते, ही माहिती कोठून तरी आणून भरणारा तो एजंट. तिसरा स्कॅनर, म्हणजे फोल्डरांतल्या फाइली चाळून कोणती फाइल कोणत्या मालिकेचा कितवा भाग आहे हे ठरवणारा. वाहिन्या आणि एजंट 'बंडल' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या फोल्डरमध्ये येत. त्या फोल्डरमध्ये पायथॉन २.७ मधला कोड असे आणि सोबत एक माहितीपत्रक फाइल असे. प्लेक्सच्या प्लगइन फोल्डरमध्ये ते बंडल ठेवून सर्व्हर पुन्हा सुरू केला की काम झाले. प्रत्येक प्लगइन स्वतंत्र प्रक्रिया म्हणून चाले, आणि माहितीपत्रकात विशेष परवानगी नोंदवल्याखेरीज त्याला डिस्कवरच्या फाइली थेट उघडण्याची मुभा नसे. ही रचना विचारपूर्वक केलेली होती आणि तिचे श्रेय कंपनीला दिलेच पाहिजे.

मला त्यांतल्या एजंटाचे मोल अधिक वाटत आले आहे, आणि त्याचे कारण माझ्या वडिलांची वही हे आहे. त्यांनी १९८० आणि १९९० च्या दशकांत मुंबई दूरदर्शनवरची नाटके आणि नाट्यसंगीताच्या मैफली व्हीसीआरवर उतरवून घेतल्या होत्या. प्रत्येक कॅसेटचा क्रमांक, नाटकाचे नाव, त्या प्रयोगातले कलाकार, पद, राग, ऑर्गनवर कोण आणि तबल्यावर कोण, हे सारे त्यांनी एका दोनशे पानी वहीत सुवाच्य अक्षरात लिहून ठेवले. कॅसेटी डिजिटल केल्यावर फाइली तयार झाल्या, परंतु जगातल्या कोणत्याही चित्रपटकोशाला त्या फाइलींविषयी काहीही ठाऊक नव्हते, आणि ठाऊक असण्याचे कारणही नव्हते. एकच नाटक पंधरा वर्षांच्या अंतराने दोन वेगळ्या संचांनी केलेले असते. एकच पद तीन गायकांनी तीन परींनी गायलेले असते. चित्रपटासाठी आखलेल्या कोशाला हे दोन किंवा तीन प्रवेश एकाच वस्तूच्या नकला वाटतात, आणि रसिकाला मात्र त्यांच्यातला फरक हाच संग्रहाचा प्राण वाटतो.

मी ती वही संगणकावर तक्त्यात उतरवली आणि सुमारे दीडशे ओळींचा एक एजंट लिहिला. फाइलीच्या नावातला कॅसेट क्रमांक वाचायचा, तक्त्यातली ओळ शोधायची आणि नाटक, वर्ष, कलाकार व टीप प्लेक्समध्ये भरायची, एवढेच त्याचे काम होते. रागासाठी प्लेक्समध्ये स्वतंत्र जागा नव्हती आणि नवी जागा निर्माण करण्याचा अधिकार एजंटाला नव्हता, म्हणून रागाचे नाव मी 'प्रकार' या रकान्यात घातले. त्यामुळे आई टीव्हीच्या रिमोटवरून 'भैरवी' निवडून घरातल्या सगळ्या भैरव्या एकाखाली एक पाहू लागली. सर्व्हरला आपल्या घराची भाषा शिकवता येते, याचा याहून चांगला पुरावा मला देता येणार नाही.

सप्टेंबर २०१८ मध्ये प्लेक्सने जाहीर केले की प्लगइनांचा आधार काढून घेतला जाईल आणि सॉफ्टवेअरमधूनच प्लगइन बसवण्याची यादी बंद होईल. 'नंतर पाहा' ही सोय आणि क्लाउडवर प्रती पाठवण्याची सोय यांचाही निरोप त्याच घोषणेत होता. त्याच महिन्यात क्लाउडवर चालणारा सर्व्हर ३० नोव्हेंबर २०१८ रोजी बंद होणार असल्याचेही कंपनीने सांगितले होते. हाताने बसवलेली प्लगइने तूर्त चालू राहतील असा दिलासा मात्र दिला गेला. व्यवहारात वाहिन्या आधी अस्तंगत झाल्या, कारण टीव्ही आणि मोबाइलवरच्या नव्या ॲपांत त्यांना जागाच ठेवली गेली नाही. एजंट आणि स्कॅनर सर्व्हरच्या बाजूचे असल्याने ते पुढेही चालत राहिले, परंतु ज्याच्या पाठीशी कोणी उभे नाही अशा अवस्थेत. २०२० मध्ये प्लेक्सने चित्रपट आणि मालिकांसाठी स्वतःचे नवे एजंट आणले, ते सर्व्हरच्या आतच बांधलेले होते, आणि जुन्या पद्धतीच्या एजंटांची गणना त्यानंतर 'वारसा' या सदरात होऊ लागली.

कंपनीची बाजू पोकळ नव्हती, हे मी आग्रहाने नोंदवतो. वाहिन्या संकेतस्थळांची पाने वाचून व्हिडिओ शोधत. संकेतस्थळाने पानाची मांडणी बदलली की वाहिनी त्या दिवशीच बंद पडे, आणि तिचा हौशी लेखक मोकळा होईपर्यंत तशीच पडून राही. तक्रार मात्र प्लेक्सकडे जाई. शिवाय पायथॉन २ ची देखभाल १ जानेवारी २०२० पासून थांबणार हे आधीच ठरलेले होते. सगळी जुनी प्लगइने पायथॉन ३ मध्ये नेणे म्हणजे प्रत्येक लेखकाला पुन्हा कामाला लावणे होते. कोडीने तो रस्ता धरला. फेब्रुवारी २०२१ मध्ये आलेल्या त्याच्या १९ व्या आवृत्तीने पायथॉन ३ सक्तीचे केले आणि ज्यांचा वाली उरला नव्हता अशी जुनी ॲड-ऑन, म्हणजे कोडीची प्लगइने, त्या दिवशी निकामी झाली. म्हणजे दार उघडे ठेवण्याचीही किंमत असते, आणि ती कोणी तरी मोजतच असतो.

सुरक्षिततेचा मुद्दा त्याहून गंभीर आहे. प्लेक्सच्या पोटात पायथॉन होते ते मुख्यतः याच प्लगइनांसाठी. २०२० मध्ये टेनेबल या सुरक्षा कंपनीने विंडोजवरील प्लेक्स सर्व्हरमध्ये एक दोष दाखवून दिला. सर्व्हरचे प्रशासकीय अधिकार हाती आलेल्या माणसाला त्यातून हवा तो पायथॉन कोड चालवता येत होता. प्लेक्सने त्याच वर्षी मे महिन्यात दुरुस्ती दिली. ती ज्यांनी बसवली नाही त्यांच्यापैकी एकाच्या घरी पुढे काय घडले, हे जगजाहीर आहे. २०२२ मध्ये लास्टपास या पासवर्ड सांभाळणाऱ्या कंपनीच्या एका अभियंत्याच्या घरच्या संगणकावर हल्लेखोर शिरले ते याच जुन्या दोषातून, आणि तोवर प्लेक्सच्या सुमारे ७५ नव्या आवृत्त्या येऊन गेल्या होत्या. दोष वेळेवर दुरुस्त केलेला होता, तेव्हा सारा ठपका प्लेक्सवर ठेवणे अन्यायाचे होईल. पण घरातल्या सर्व्हरवर कोणाही अनोळखी माणसाचा कोड चालवणे ही किरकोळ गोष्ट नाही, एवढे या प्रकरणातून प्रत्येकाने मनावर घ्यावे.

ज्या युक्तिवादाशी माझे मुळीच जमत नाही तो वापराच्या आकड्याचा. प्लगइने वापरणारे दोन टक्क्यांहूनही कमी आहेत, असे तेव्हा कंपनीकडून सांगितले गेले. आकडा खरा असेल, पण तो काय मोजतो हे पाहिले पाहिजे. आमच्या घरी एजंट मी बसवला. आई, बहीण आणि मावशी यांनी प्लगइन हा शब्दही कधी ऐकलेला नाही, तरी त्यांच्या पडद्यावर दिसणारे प्रत्येक नाव, प्रत्येक राग आणि प्रत्येक संच त्या प्लगइनामुळेच तेथे आलेला होता. एका सर्व्हरच्या मागे एक माणूस राबतो आणि पाचदहा माणसे पाहतात. सर्व माणसे मोजली तर राबणारा अल्पसंख्यच दिसणार. ग्रंथपाल वाचकांच्या संख्येत दोन टक्केही नसतो, म्हणून कोणी तालिका काढून टाकत नाही.

मोकळ्या झालेल्या जागी प्लेक्सने काय आणले, हेही त्याच तराजूत घालावे लागेल. बातम्या, पॉडकास्ट आणि वेब मालिका कंपनीने स्वतः आणल्या, नोव्हेंबर २०१८ मध्ये टायडल या संगीतसेवेशी करार केला, डिसेंबर २०१९ मध्ये जाहिरातींसह मोफत चित्रपट सुरू केले आणि २०२० मध्ये थेट प्रक्षेपणाच्या वाहिन्या दिल्या. यांतली टायडलची जोडणी २०२४ मध्ये संपलीही. मोफत चित्रपट पाहणाऱ्यांची मोठी संख्या त्यामुळे प्लेक्सला मिळाली असेल, आणि कंपनीला उत्पन्न लागतेच. परंतु यांतली एकही गोष्ट माझ्या वडिलांच्या वहीच्या बदल्यात येऊ शकत नाही. प्लगइन काढून घेतल्याची भरपाई करमणुकीच्या पुरवठ्याने करता येईल, हे गृहीतकच मला चुकीचे वाटते.

खरी भरपाई केली ती बाहेरच्या कार्यक्रमांनी. प्लेक्सच्या आत शिरण्याऐवजी हे कार्यक्रम शेजारी स्वतंत्रपणे चालतात आणि त्यांतले बहुतेक सर्व्हरशी त्याच्या एपीआयमधून, म्हणजे इतर कार्यक्रमांसाठी ठेवलेल्या दारातून, बोलतात. कोणी काय पाहिले याचा हिशेब ठेवणारे टॉटुली, सबटायटले शोधून आणणारे बाझार आणि संग्रहांची मांडणी करणारे कोमेटा ही या प्रकारातली भरवशाची नावे आहेत. पूर्वी सबटायटलांसाठी सब-झिरो नावाचे प्लगइन होते, आता तेच काम बाझार करते, आणि माझ्या मते अधिक चांगले करते. या मांडणीचा लाभ असा की बाजूचा कार्यक्रम कोसळला तरी सर्व्हर चालू राहतो. तोटा असा की जे काम एक फोल्डर योग्य जागी ठेवून होत असे, त्यासाठी आता डॉकर, टोकन, पोर्ट आणि मांडणीची फाइल यांच्याशी ओळख करून घ्यावी लागते. संगणकाची आवड असलेल्या माणसाला ते दोन संध्याकाळींचे काम आहे. निवृत्त शिक्षकाने स्वतःचा कीर्तनांचा संग्रह लावायचा म्हटले, तर त्याला हे सांगायला माझी जीभ रेटत नाही.

आजच्या प्लेक्समध्ये कोणतीही बाहेरची मदत न घेता मराठी संग्रह कितपत लागतो, याचे उत्तर मात्र निराश करणारे नाही. मराठी चित्रपटांची माहिती कोशात असेल तर बहुतेक वेळा हात न लावता भरली जाते. नाटके आणि घरगुती चित्रीकरणे यांच्यासाठी 'इतर व्हिडिओ' हा ग्रंथालयप्रकार निवडावा, फाइलीशेजारी भित्तिपत्रकाचे चित्र ठेवावे, आणि एमपी४ फाइल असेल तर शीर्षक, वर्ष, कलाकार व सारांश फाइलीच्या आतल्या टॅगांत लिहावा. स्थानिक माहिती वापरण्याचा पर्याय चालू असेल तर प्लेक्स ती वाचते. माझ्या तक्त्यातली माहिती मी घोषणा वाचल्यावर याच पद्धतीने फाइलींच्या आत हलवली, आणि ते करताना वडिलांच्या टिपाही सारांशात जशाच्या तशा घेतल्या. २०२२ मध्ये आलेली 'आवृत्ती' ही सोय नाटकांच्या संग्रहाला फार उपयोगी आहे. फाइलीच्या नावात महिरपी कंसात 'edition-' आणि त्यापुढे आवृत्तीचे नाव लिहिले की एकाच नाटकाचे दोन संच वेगळे दिसतात. ती दिग्दर्शकाच्या वेगळ्या संकलनासाठी केलेली असली तरी संचभेदासाठी चपखल बसते. मात्र तिच्यासाठी प्लेक्स पास, म्हणजे कंपनीची सशुल्क वर्गणी, घ्यावी लागते.

पैशांचा विषय निघालाच आहे, तर तो थोडक्यात उरकतो. २९ एप्रिल २०२५ पासून अमेरिकेतील दरांनुसार प्लेक्स पास महिन्याला ६.९९ डॉलर, वर्षाला ६९.९९ डॉलर आणि आजीव २४९.९९ डॉलर झाला. आजीव दर त्यापूर्वी ११९.९९ डॉलर होता. त्याच दिवसापासून स्वतःच्या सर्व्हरवरचे व्हिडिओ घराबाहेरून पाहण्यासाठी मालकाकडे पास असणे किंवा पाहणाऱ्याने महिना १.९९ डॉलरचा वेगळा परवाना घेणे आवश्यक झाले. ग्राफिक्स चिपच्या मदतीने होणारे ट्रान्सकोडिंगही, म्हणजे पाहणाऱ्याच्या यंत्राला झेपेल अशा रूपात व्हिडिओ चालू असतानाच बदलणे, पासधारकांपुरतेच आहे. हे दर अवाजवी आहेत असे मी म्हणणार नाही. घराबाहेरून पाहण्याची सोय प्लेक्स ज्या सहजतेने लावून देते तशी दुसरीकडे मिळत नाही, आणि पुण्यातला संग्रह न्यू जर्सीतल्या बहिणीला दाखवायचा असेल तर त्या सहजतेचे मोल कळते. तिला मी फक्त निमंत्रण पाठवले होते. पुढचे सगळे तिने स्वतः केले.

तुलनेसाठी जेलीफिन पाहावे लागते. एम्बी या सर्व्हरने आपला कोड बंदिस्त केल्यावर डिसेंबर २०१८ मध्ये त्यातून जेलीफिन वेगळे झाले, म्हणजे प्लेक्सच्या घोषणेनंतर तीनच महिन्यांनी. ते पूर्णपणे मुक्तस्रोत आहे, ग्राफिक्स चिपच्या ट्रान्सकोडिंगलाही पैसे लागत नाहीत, आणि प्लगइने हा त्याच्या रचनेचा मान्य भाग आहे. प्रशासनाच्या पानावर प्लगइनांची सूची असते, आणि बाहेरच्या लेखकाच्या भांडाराचा पत्ता देऊन त्याची प्लगइनेही बसवता येतात. त्याखेरीज जेलीफिन एनएफओ फाइली वाचते. चित्रपटाच्या शेजारी ठेवलेली, कोणत्याही साध्या संपादकात उघडणारी ती मजकुराची फाइल असते. प्लगइनांच्या काळात प्लेक्सला एनएफओ वाचता यावे म्हणून बाहेरचाच एक एजंट बसवावा लागे, ही आठवण येथे उचित ठरेल.

तरीही जेलीफिनच्या प्लगइनांना मी आंधळी शिफारस देणार नाही. ती सी शार्प या भाषेत लिहिलेली असतात आणि सर्व्हरच्याच प्रक्रियेत भरली जातात. प्लेक्सच्या जुन्या प्लगइनांभोवती असलेली वेगळ्या प्रक्रियेची भिंत येथे नाही. बिघडलेले किंवा दुष्ट हेतूचे प्लगइन सर्व्हरला जेवढे दिसते तेवढे सगळे पाहू शकते. सर्व्हरची मोठी आवृत्ती बदलली की त्या आवृत्तीसाठी पुन्हा न बांधलेली प्लगइने थांबतात. म्हणून लेखक सक्रिय आहे का, शेवटचा बदल केव्हा झाला, हे पाहूनच प्लगइन घ्यावे आणि सर्व्हर अद्ययावत करण्यापूर्वी त्याच्या माहितीकोशाची प्रत काढून ठेवावी. घराबाहेरून पाहण्याची व्यवस्थाही स्वतःच उभारावी लागते. भारतातल्या अनेक ब्रॉडबँड जोडण्यांत घराला इंटरनेटवरचा स्वतंत्र सार्वजनिक पत्ता मिळत नाही, तेव्हा टेलस्केलसारखे खासगी जाळे बांधणे हा त्यातला सोपा मार्ग. प्लेक्स अशा वेळी आपल्या रिले सेवेतून चित्र पुढे पाठवते, पण तिची गती पासधारकालाही २ मेगाबिटपुरती मर्यादित असल्याने चित्र धूसर येते.

एवढा विचार केल्यावर माझे मत असे झाले आहे. ज्याचा संग्रह बहुतांशी प्रसिद्ध चित्रपटांचा आहे, ज्याचे नातेवाईक दूर आहेत आणि ज्याला देखभालीला वेळ नाही, त्याने प्लेक्स घ्यावे आणि पासचे पैसे मोजावेत. प्लगइन नसल्याची उणीव त्याला जाणवणार नाही. ज्याच्याकडे नाटके, कीर्तने, मैफली, गावच्या जत्रेची चित्रीकरणे किंवा लहान मुलांसाठी ध्वनिमुद्रित केलेल्या आजीच्या गोष्टी आहेत, त्याने जेलीफिनपासून सुरुवात करावी, कारण त्याला सर्व्हरला पुष्कळ काही शिकवावे लागणार आहे आणि शिकवू देणारा सर्व्हर तोच आहे. दोघांनीही माहिती सर्व्हरच्या कोशात भरण्यापूर्वी ती फाइलीच्या आत किंवा शेजारी लिहून ठेवावी. माझा एजंट पायथॉन २ मध्ये होता, आज तो नव्याने लिहावा लागेल. तक्ता मात्र साधा मजकूर असल्यामुळे त्यातून एनएफओ फाइली तयार करायला मला एक दुपार पुरली.

सध्या आमच्या घरी एकाच छोट्या संगणकावर दोन्ही सर्व्हर चालतात. दोघांनाही संग्रहाचा एकच फोल्डर फक्त वाचण्याच्या परवानगीने जोडलेला आहे, त्यामुळे कोणताही एक काढून टाकला तरी फाइलींना धक्का लागत नाही. बहीण न्यू जर्सीहून प्लेक्सवर पाहते. आईच्या टीव्हीवर जेलीफिन आहे, आणि 'भैरवी' हा प्रकार तेथे एनएफओ फाइलींतून येतो.